हळद पिवळी, कापूर पांढरा. दोघेही कीटोन, मग फरक कशाचा?

गुलमंडीवर पूजेचं सामान घ्यायला गेलात, तर हळदीची पुडी आणि कापराची डबी बहुतेक वेळा एकाच पिशवीतून घरी येते. ताटातही दोन्ही शेजारीशेजारीच असतात. एक इतकी पिवळी की बोटांना लागली तर दोन दिवस जात नाही. दुसरा पांढराशुभ्र, उघडा ठेवला तर हवेत उडून जाणारा.

केमिस्ट्रीच्या पुस्तकात मात्र हे दोघं एकाच कुटुंबातले आहेत. हळदीला रंग देणारं करक्युमिन कीटोन आहे आणि कापूरही कीटोनच आहे. फरक इतकाच, की करक्युमिन 'कॉन्ज्युगेटेड' कीटोन आहे आणि कापूर नाही.

बारावीला हा शब्द मी पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता आणि विसरले होते. पुढे मास कॉमला गेल्यावर तो परत भेटेल असं वाटलं नव्हतं. पण हिंगोलीच्या हळदीच्या भावापासून मेडिकलमध्ये मिळणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलपर्यंत बऱ्याच गोष्टी या एका शब्दाभोवती फिरतात. म्हणून आज तो नीट समजून घेऊ.

आधी, कीटोन म्हणजे काय?

डायबेटिस असलेल्या घरात 'कीटोन वाढले' हे वाक्य ऐकलेलं असतं. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन म्हणजे सगळ्यात साधा कीटोन. एका कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला आणि त्या कार्बनच्या दोन्ही बाजूंना पुन्हा कार्बनच, अशी रचना रेणूत कुठेही असली की तो कीटोन. बाकीचा रेणू छोटा असो, मोठा असो, साखळीसारखा असो किंवा कापरासारखा पिंजऱ्याच्या आकाराचा.

आता त्याच रेणूत दोन कार्बनमध्येही एखादा दुहेरी बंध असेल, तर प्रश्न येतो की तो कुठे आहे. कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधापासून एकच एकेरी बंध सोडून तो लगेच असेल, तर कीटोन कॉन्ज्युगेटेड. मराठीत संयुग्मित. दुहेरी, एकेरी, दुहेरी अशी आळीपाळीची रांग. मध्ये जास्तीचा एखादा कार्बन येऊन ही रांग तुटली किंवा दुसरा दुहेरी बंधच नसला, तर कीटोन नॉन-कॉन्ज्युगेटेड.

जुन्या वाड्याचं उदाहरण घ्या. प्रत्येक दुहेरी बंध म्हणजे एक खोली आणि त्या बंधातले इलेक्ट्रॉन म्हणजे खोलीत खेळणारी पोरं. खोल्या एकमेकींना लागून असतील आणि मधली दारं उघडी असतील, तर पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात. मध्ये भिंत असेल तर आपापल्या खोलीत कोंडली जातात. कॉन्ज्युगेटेड म्हणजे दारं उघडी, नॉन-कॉन्ज्युगेटेड म्हणजे मध्ये भिंत. कापराच्या वाड्यात तर एकच खोली आहे, ती कार्बन-ऑक्सिजनची.

उघड्या दारांचा वाडा रेणूला आवडतो. इलेक्ट्रॉन पसरले की रेणूची ऊर्जा थोडी कमी होते, तो जास्त स्थिर होतो. म्हणून दुहेरी बंध 'चुकीच्या' जागी असलेला नॉन-कॉन्ज्युगेटेड कीटोन आम्ल किंवा अल्कलीच्या संगतीत अनेकदा स्वतःच आपला दुहेरी बंध एक घर सरकवतो आणि कॉन्ज्युगेटेड होऊन बसतो. आपल्या शरीरातही हे घडतं. प्रोजेस्टेरॉन हे गर्भधारणेचं हार्मोन तयार होताना शेवटच्या टप्प्यात एक एन्झाइम नेमकं हेच सरकवण्याचं काम करतं.

स्वयंपाकघरातली जोडी

एक उदाहरण मला फार आवडलं. जेवणानंतर आपण बडीशेप खातो आणि बाळंतिणीला बाळंतशेप देतो, म्हणजे शेपूचं बी. दिसायला दोन्ही सारख्याच. बडीशेपेत फेंकोन नावाचा एक कीटोन असतो. तो नॉन-कॉन्ज्युगेटेड, वास थोडा कापराकडे झुकणारा. (बडीशेपेचा गोडवा मात्र फेंकोनचा नाही, तो अ‍ॅनेथोल या वेगळ्याच द्रव्याचा.) बाळंतशेपेत कारव्होन असतं आणि ते कॉन्ज्युगेटेड कीटोन आहे.

पण मग कारव्होन हळदीसारखं पिवळं का नाही? ते तर जवळजवळ रंगहीन तेल आहे.

रंग येतो कुठून?

तंबोऱ्याची तार जितकी लांब, तितका स्वर खाली. इलेक्ट्रॉनचंही काहीसं तसंच. त्यांना फिरायला जागा जितकी लांब, तितकी त्यांना वरच्या पातळीवर उडवायला कमी ऊर्जा लागते. कमी ऊर्जेचा प्रकाश म्हणजे जास्त तरंगलांबीचा प्रकाश.

आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटरच्या दरम्यानचा प्रकाश दिसतो. अ‍ॅसिटोन मुख्यतः 190 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि अगदी थोडासा 280च्या आसपास. दोन्ही अतिनील भागात, आपल्या नजरेबाहेर. म्हणून अ‍ॅसिटोन पाण्यासारखं दिसतं आणि कापूर पांढरा दिसतो. कारव्होनमध्ये दोन खोल्या जोडलेल्या आहेत. त्यामुळे त्याचं मुख्य शोषण सरकून 235च्या आसपास येतं. सरकलं खरं, पण अजूनही अतिनीलमध्येच. एखादा कीटोन कॉन्ज्युगेटेड आहे म्हणून तो रंगीत असेलच असं नाही. रंगासाठी रांग लांब लागते.

किती लांब, याचा हिशेब अमेरिकेच्या रॉबर्ट वूडवर्ड यांनी 1940च्या दशकाच्या सुरुवातीलाच बसवला होता. कॉन्ज्युगेटेड कीटोनसाठी एक मूळ आकडा धरायचा, मग जोडलेल्या प्रत्येक जास्तीच्या दुहेरी बंधाला साधारण 30 नॅनोमीटर मिळवायचे, शेजारच्या गटांना थोडे थोडे. वाणसामानाची बेरीज करावी तसं. वूडवर्ड यांना 1965 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते या बेरजेसाठी नव्हे, तर गुंतागुंतीचे नैसर्गिक रेणू प्रयोगशाळेत घडवण्यासाठी. एमएससीच्या पेपरात मात्र आजही ही बेरीज येते.

रंग डोळ्यांदेखत तयार होताना बघायचा असेल तर कॉलेजच्या लॅबमधला एक जुना प्रयोग आहे. कडू बदामाचा वास असलेलं बेन्झाल्डिहाइड आणि अ‍ॅसिटोन. दोन्ही द्रव रंगहीन. अल्कोहोलमध्ये थोडा कॉस्टिक सोडा घालून ती एकत्र ढवळली की काही मिनिटांत भांड्यात पिवळे स्फटिक दिसू लागतात. रंग कोणी टाकला नाही. दोन बेन्झाल्डिहाइडच्या मध्ये एक अ‍ॅसिटोन बसला, मधून पाणी निघून गेलं आणि वेगवेगळ्या खोल्यांची एक लांब रांग झाली. एमएससी करणाऱ्या एका मैत्रिणीने मला हा प्रयोग दाखवला, तेव्हा बारावीतल्या त्या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा कळला.

हळदीच्या आत

करक्युमिनची रचना आता कागदावर काढून बघितली तर ओळखीची वाटेल. दोन टोकांना बेन्झीनची दोन कडी, मध्ये सात कार्बनची साखळी आणि त्या साखळीत एक नव्हे तर दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध. हे द्रव्य हळदीतून 1815 साली वेगळं केलं गेलं, पण त्याची रचना ठरायला 1910 साल उजाडलं. ते काम पोलिश रसायनशास्त्रज्ञांनी केलं.

या साखळीच्या मधोमध एक गंमत आहे. दोन कीटोनच्या मधला कार्बन म्हणजे खरं तर भिंत. ती भिंत तशीच राहिली तर करक्युमिनचे दोन वेगळे अर्धे वाडे होतात आणि रंग फिका पडतो. पण करक्युमिन एक युक्ती करतं. मधल्या कार्बनवरचा एक हायड्रोजन उचलून शेजारच्या ऑक्सिजनला देतं. भिंतीच्या जागी दार उघडतं आणि या कड्यापासून त्या कड्यापर्यंत सलग रांग तयार होते. या रूपाला ईनॉल म्हणतात आणि द्रावणात करक्युमिन बहुतांश याच रूपात असतं. मग ते 425 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतं आणि उरलेला आपल्याला पिवळा दिसतो.

हा रंग खरंच रांगेमुळेच आहे याचा पुरावा बाजारात विकत मिळतो. करक्युमिनच्या साखळीतले कार्बन-कार्बन दुहेरी बंध हायड्रोजन घालून एकेरी केले की टेट्राहायड्रोकरक्युमिन तयार होतं. कार्बन आणि ऑक्सिजन तेवढेच, दोन्ही कीटोन जागच्या जागी, फक्त चार हायड्रोजन जास्त आणि रांग तुटलेली. रंग पांढरट! चेहऱ्याच्या क्रीममध्ये 'व्हाइट करक्युमिन' म्हणून जे लिहिलेलं असतं, ते हेच.

लग्नात पांढऱ्या शर्टावर हळद सांडली की घरात जे होतं, तेही याच रांगेचं काम. डागावर साबण लावला की तो लालभडक होतो आणि धुणारा घाबरतो. साबण अल्कधर्मी असतो. तो करक्युमिनच्या टोकाचे हायड्रोजन काढून घेतो, इलेक्ट्रॉन आणखी सैल होतात, शोषण आणखी पुढे सरकतं आणि पिवळ्याचा लाल होतो. स्वच्छ पाण्याने धुतलं की परत पिवळा. हळदीला लिंबू आणि टाकणखार लावून कुंकू करायची जुनी रीत याच रेणूच्या रंग बदलण्यावर उभी आहे, फक्त तिथे टाकणखारातलं बोरॉन करक्युमिनला धरून ठेवतं.

आणि डाग जात नसेल तर आजी म्हणते, उन्हात टाक. आजीचं बरोबर आहे. उन्हात करक्युमिनची साखळी तुटते, छोटे तुकडे होतात आणि छोट्या तुकड्यांना रंग नसतो. त्यातला एक तुकडा व्हॅनिलिन असतो, आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारं. म्हणून हळद काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवू नका, डब्यात ठेवा.

हिंगोलीच्या मोंढ्यावर याचा काय संबंध?

मराठवाड्यात हळद म्हटलं की हिंगोली, नांदेड, परभणी. वसमतच्या हळदीला 2024 साली जीआय मानांकन मिळालं. त्याआधी वर्ध्याच्या वायगाव हळदीला आणि सांगलीच्या हळदीला ते मिळालेलं होतं. वसमतला हळद संशोधन केंद्रही आहे. आठ-नऊ महिन्यांचं पीक, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, ढोलात घालून पॉलिश आणि शेवटी लिलाव.

लिलावात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. तो नकळत कॉन्ज्युगेशनच मोजत असतो, डोळ्यांनी. प्रयोगशाळा तेच काम यंत्राने करते. हळदीचा अर्क घेऊन त्यावर 425 नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा, किती शोषला जातो ते बघायचं आणि त्यावरून करक्युमिनची टक्केवारी काढायची. हळदीत ती साधारण 2 ते 6 टक्क्यांच्या दरम्यान असते. अर्क काढणाऱ्या कंपन्यांना आणि निर्यातदारांना हाच आकडा हवा असतो. शेतकऱ्याने ऊन-पाऊस सोसून आणलेल्या मालाची प्रत एका तरंगलांबीवर ठरते.

इथेच भेसळीला वाट मिळते. प्रकाश फक्त पिवळेपणा ओळखतो, पिवळं काय आहे ते ओळखत नाही. मेटॅनिल यलो हा खाण्यासाठी बंदी असलेला रंगही त्याच भागात प्रकाश शोषतो. त्याच्याही रंगाचं मूळ इलेक्ट्रॉनची लांब रांगच आहे, फक्त ती कीटोनची नाही. हलक्या हळदीत तो मिसळला तर साध्या यंत्राला ती 'चांगली' वाटू शकते. म्हणून गंभीर तपासणीत आधी सगळी द्रव्यं वेगळी करणारं एचपीएलसी यंत्र वापरतात आणि मग मोजतात.

दुसरी भेसळ जास्त भीतीदायक, लेड क्रोमेटची. हे शिसं असलेलं पिवळं खनिज रंगद्रव्य आहे, कार्बनच्या साखळीशी त्याचा संबंधच नाही. बांगलादेशात हळदीतून शिसं लोकांच्या रक्तात जात असल्याचं 2019च्या सुमाराला संशोधकांनी दाखवून दिलं आणि त्यानंतर तिथल्या सरकारने धाडी घातल्या. शिशाचा सगळ्यात मोठा फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो.

घरी एक प्राथमिक चाचणी करता येते, ती एफएसएसएआयनेही सुचवली आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि हलवू नका. शुद्ध हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं राहतं, कृत्रिम रंग असेल तर गडद पिवळं होतं. याचं कारण पुन्हा रेणूतच. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मेटॅनिल यलो सहज विरघळतो. पण ही चाचणी पास झाली म्हणजे शिसं नाहीच, असं समजू नका. ते फक्त प्रयोगशाळाच सांगू शकते.

रांग फक्त रंग देत नाही, चिकटतेही

कीटोनमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. साध्या कीटोनमध्ये ही ओढ शेजारच्या कार्बनपुरती असते. कॉन्ज्युगेटेड कीटोनमध्ये ती उघड्या दारांतून रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते. ते टोक इलेक्ट्रॉनसाठी भुकेलं होतं आणि इलेक्ट्रॉन द्यायला तयार असलेलं कोणी जवळ आलं की त्याला चिकटतं. आर्थर मायकेल यांनी 1887 साली या प्रकारच्या अभिक्रियेचा अभ्यास मांडला, म्हणून तिला मायकेल अ‍ॅडिशन म्हणतात. आपल्या शरीरातल्या प्रथिनांमधला गंधक असा देणारा असतो.

याचा चटका महाराष्ट्राने घेतलेला आहे. 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो, आज मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक बांधावर आहे. ते उपटणाऱ्यांच्या हातांना, मानेला खाज येते, कातडी जाड आणि काळी पडते. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यात कॉन्ज्युगेटेड कीटोन आहे आणि शेजारीच त्याच धर्तीची आणखी एक चिकटणारी जागा आहे. अ‍ॅलर्जीचा मोठा दोष त्या दुसऱ्या जागेला दिला जातो. पार्थेनिन त्वचेच्या प्रथिनांना चिकटतं, शरीराला ती प्रथिनं परकी वाटू लागतात आणि अ‍ॅलर्जी सुरू होते. एकदा ती लागली की पुढच्या वेळी थोडं गवतही पुरतं. म्हणून ते हातमोजे घालून आणि फुलं येण्याआधी उपटायला सांगतात.

याचा अर्थ नॉन-कॉन्ज्युगेटेड ते सुरक्षित, असा मात्र लावू नका. कापूर चिकटत नाही, पण लहान मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात. डबी उंचावर ठेवा.

मग हळदीच्या कॅप्सूलचं काय?

करक्युमिनमध्येही अशी चिकटणारी जागा आहे, एक नव्हे दोन. त्यामुळे काचेच्या नळीत ते कर्करोगाच्या पेशींपासून मेंदूच्या प्रथिनांपर्यंत बऱ्याच गोष्टींवर 'परिणाम' दाखवतं. बातमी होते, 'हळदीने अमुक रोग बरा'. पण सगळ्यालाच चिकटणारी गोष्ट औषध असेलच असं नाही. शिवाय ती प्रकाश शोषते आणि स्वतः चमकते, म्हणून प्रकाशावर चालणाऱ्या चाचण्यांनाही फसवते. 2017 साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये करक्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा आला. तोवर करक्युमिनच्या 120 हून अधिक चाचण्या माणसांवर झाल्या होत्या. एका गटाला औषध, दुसऱ्याला बिनऔषधाची गोळी आणि कोणाला काय दिलं हे दोन्ही बाजूंना माहीत नाही, अशा कडक पद्धतीत त्यातली एकही यशस्वी ठरलेली नाही, असं लेखकांनी नोंदवलं.

इथे अनेकांना हळदीचं पेटंट आठवेल. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने 1997 साली ते रद्द करून घेतलं. ती लढाई आपण जिंकलो आणि योग्यच जिंकलो. पण तिथे प्रश्न 'हे भारतात आधीपासून माहीत होतं का' एवढाच होता. हळदीच्या कॅप्सूलने गुडघे बरे होतात का, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच.

दुसरी अडचण म्हणजे खाल्लेलं करक्युमिन रक्तात फारच कमी पोहोचतं. आतड्यात आणि यकृतात त्याचं रूप पटकन बदलतं. 1998 साली बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की मिऱ्यातलं पिपरीन सोबत दिलं तर रक्तातलं प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढतं. म्हणून बऱ्याच कॅप्सूलवर 'विथ पिपरीन' लिहिलेलं असतं. जाहिरातीत हा आकडा मोठा दिसतो, पण मुळात अगदी थोडं असलेलं वीसपट वाढलं तरी ते किती, हे जाहिरात सांगत नाही.

आणि जास्त पोहोचलं तर? 2019 साली इटलीत हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या, नंतर अमेरिकेतूनही तशा नोंदी आल्या. हे भाजीतल्या हळदीबद्दल नाही. भाजीत आपण चिमूटभर घालतो, त्यात करक्युमिन काही मिलिग्रॅम. कॅप्सूलमध्ये ते बहुतेकदा 500 मिलिग्रॅम, तेही पिपरीनसह, रोज, महिनोन्‌महिने. तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल आणि सोबत रक्त पातळ करणारं औषध किंवा डायबेटिसची गोळी चालू असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना बाटली दाखवा. आणि गोळी सुरू केल्यावर लघवी गडद होऊ लागली, डोळे पिवळे दिसू लागले, तर ती बंद करून त्याच दिवशी दवाखान्यात जा. तो पिवळा रंग करक्युमिनचा नसतो, बिलिरुबिनचा असतो.